स्टार्टरमधली पाल
(जिल्हा बैठकीतील भाषण)



बैठकीच्या कागदावर आमच्या नावापुढे 'कापसाचे भाव' असा विषय लिहिला आहे. त्यावर आमच्या आधी बोललेल्या भावांनी सांगायचे ते सगळे सांगून टाकले. तेव्हा आम्ही पालीवर बोलणार आहोत. हसू नका. सकाळी मोटारसायकलवरून उतरलो तेव्हापासून चौघांनी गाठले. पहिला म्हणाला, "भाऊ, ऐन बोंडं भरायच्या टायमाला मोटर जळाली." दुसऱ्याची केबल उंदराने तोडली. तिसऱ्याच्या पेटीत मुंगळ्यांनी वारूळ केले. चौथ्याच्या गावची डीपी उडाली, तिच्याखाली अर्धा जळालेला साप पडला होता. कापसाचा भाव पडला तर दिल्लीला शिव्या देता येतात. स्टार्टरमध्ये पाल पडली तर कोणाला द्यायच्या?

आम्ही कृषी महाविद्यालयात चार वर्षे किडी शिकलो. ज्वारीची खोडमाशी, मिजमाशी, कापसावरचे तुडतुडे, बोंडअळ्या, साठवणीतले सोंडे, सगळे पाठ केले. कीड किती झाली म्हणजे फवारणीचा खर्च परवडतो, त्याला आर्थिक नुकसानीची पातळी म्हणतात, तीही पाठ केली. पण स्टार्टरमधल्या किडीचा धडा एकाही पुस्तकात नव्हता. शेतात आल्यावर कळले की तिथे आर्थिक नुकसानीची पातळी एक पाल इतकी आहे.

आता हा स्टार्टर आम्ही मुद्दाम टेबलावर ठेवला आहे. झाकण काढलेला आहे. पुढच्या रांगेतल्यांनी बघा, मागच्यांना नंतर दाखवू. हिरवे बटण दाबले की या कॉइलमधून वीज जाते, कॉइलच्या पोटातले लोखंड चुंबक होते आणि समोरची ही पट्टी ओढून घेते. पट्टीबरोबर तीन कॉन्टॅक्ट पुढे सरकतात आणि तीन फेजच्या तीन कॉन्टॅक्टना जाऊन चिकटतात. मोटर चालू. लाईन गेली की चुंबक सोडतो, स्प्रिंग पट्टी मागे ओढते. मोटर बंद. एवढेच यंत्र आहे. या पट्टीच्या आणि चुंबकाच्या मधली फट बोटाइतकीही नाही, आणि पालीला नेमकी तीच जागा आवडते.

का आवडते? कॉइल चालून चालून कोमट राहते. रब्बीच्या दिवसांत, थंडीच्या रात्री, सगळ्या रानात तेवढी एकच ऊबदार जागा. शिवाय तिथे जेवण आहे. पेटीवर आपण रात्रीसाठी पांढरा दिवा टांगतो. गुलाबी बोंडअळीचे पतंग किती आहेत ते बघायला कामगंध सापळे लावा, पतंग-भुंगेरे मारायला प्रकाश सापळे लावा, असे आम्हीच तुम्हाला सांगत फिरतो. स्टार्टरच्या डोक्यावरचा दिवा हा तुम्ही न सांगता लावलेला प्रकाश सापळा आहे. दिव्यावर किडा येतो, किड्यामागे पाल येते, आणि केबल घालायला पेटीला पाडलेल्या चार भोकांपैकी दोन रिकामी असतात, त्यातून ती आत जाते. पांढऱ्या-निळसर उजेडावर किडे जास्त येतात, पिवळ्यावर कमी. तेव्हा दिवा पिवळा लावा आणि पेटीपासून चार हात लांब लावा. याला एक रुपयाही जादा लागत नाही.

पाल आत गेली की दोनपैकी एक होते. ती दोन फेजच्या मध्ये आली तर तिच्या अंगातून वीज जाते, ती जळते, फ्यूज उडतो. हा त्यातल्या त्यात बरा प्रकार. फ्यूज बदलताना मेलेली पाल काढून टाकली तरी तिच्या अंगाचा कोळसा बॅकेलाइटवर चिकटून राहतो. पावसाळी हवेत त्या काळ्या रेघेवरूनच वीज वाट काढते, आणि "पाल नाही तरी फ्यूज का जातो" म्हणून आपण आठवडाभर डोके धरून बसतो. ती रेघ लाईन बंद करून पॉलिश पेपरने खरवडून काढावी लागते.

वाईट प्रकार दुसरा आहे. पाल चुंबक आणि पट्टीच्या मध्ये चेंगरते. पट्टी पुरती बसत नाही, तिरपी राहते. दोन कॉन्टॅक्ट टेकतात, तिसरा अधांतरी. म्हणजे खांबावर तिन्ही फेज आहेत आणि मोटरला मिळतात दोन. पाच हॉर्सपॉवरची मोटर भरात चालताना साधारण साडेसात अँपिअर ओढते. चालता चालता एक फेज तुटली तर उरलेल्या दोन तारांवर जवळजवळ पावणेदोन पट भार येतो. थांबलेल्या मोटरला दोनच फेज मिळाल्या तर ती फिरतच नाही. नुसती घूं करत उभी राहते आणि पाच-सहा पट ओढते. थोड्याच वेळात वाइंडिंगवरचा वार्निश जळायला लागतो. विहिरीच्या काठावर जळक्या वार्निशचा वास आला म्हणजे खेळ संपला. मग मोटर काढणे, बैलगाडीत नाहीतर ऑटोत टाकून तालुक्याला नेणे, रिवाइंडिंगवाल्याच्या दारात नंबर लावणे. दीड-दोन क्विंटल ज्वारीचे पैसे तिथे जातात. आणि पैशापेक्षा दिवस महाग. ज्वारी पोटरीत असताना, कापूस पात्या-बोंडावर असताना पाण्याचे आठ दिवस हुकले तर ते आठ दिवस कोणताही रिवाइंडिंगवाला परत भरून देत नाही. आपल्या कोरडवाहू रानात विहिरीला पाणी असते तेच मुळात दोन-तीन पाळ्यांपुरते.

हा आपल्या अडाणीपणाचा रोग आहे असे समजू नका. १९४७ साली अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात मार्क-२ नावाचे गणकयंत्र होते. आजच्या संगणकाचा आजोबा म्हणा. त्याच्या पोटात हजारो रिले होते. रिले म्हणजे आपल्या स्टार्टरचेच लहान भावंड. तेच कॉइल, तीच पट्टी, तेच कॉन्टॅक्ट. ९ सप्टेंबरला यंत्र चुकायला लागले. शोधता शोधता एफ पॅनेलमधल्या ७० नंबरच्या रिलेत एक पतंग मेलेला सापडला. त्यांनी तो चिमट्याने काढला आणि नोंदवहीत चिकटपट्टीने चिकटवून ठेवला. ती वही आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. आपली पोरे संगणकातल्या चुकीला 'बग' म्हणजे किडा म्हणतात. शब्द त्याहून जुना आहे, एडिसनने १८७८ साली पत्रात वापरला होता, पण खरोखरचा किडा सापडल्याची ही नोंद प्रसिद्ध झाली. सांगायचे एवढेच, की जगातल्या हुशार माणसांच्या यंत्रात किडा जातो, तर आपली पेटी बांधावर उघडी आहे.

आता मुंग्या. मुंगीचे वागणे पालीपेक्षा चमत्कारिक आहे, आणि आम्हाला ते कळायला वेळ लागला. स्टार्टर उघडला की कॉन्टॅक्टवर काळी, चुरचुरीत राख दिसते. हात लावला तर कळते की त्या शेकडो मेलेल्या मुंग्या आहेत. एकीला धक्का बसून ती मेली तर बाकीच्यांनी पळून जायला पाहिजे. त्या उलट तिथेच का जातात? दक्षिण अमेरिकेतून अमेरिकेच्या दक्षिण भागात पसरलेल्या लाल डंखाच्या मुंगीने तिथले सिग्नल, पंप, थंड हवेची यंत्रे इतकी बंद पाडली की शास्त्रज्ञांनी त्यावर प्रयोग केले. धक्का बसलेली मुंगी अंगातल्या ग्रंथींतून धोक्याचा वास सोडते, बरोबरच्यांना बोलावणारा वासही सोडते. तो वास येताच बाकीच्या मदतीला, लढायला धावतात. त्यांनाही धक्का बसतो, त्याही वास सोडतात. त्या मुंगीच्या वंशातली एक मुंगी आपल्या रानातही आहे. मेलेल्यांचा थर कॉन्टॅक्टच्या मध्ये बसला की कॉन्टॅक्ट नीट टेकत नाहीत, ठिणग्या उडतात, तांबे खायला लागते. पुढची गोष्ट पालीचीच.

मुंग्यांवर लोक काय करतात? पेटीत भुकटी टाकतात. आमच्या लहानपणी घरी बीएचसीची भुकटी टाकत. त्या भुकटीवर १९९७ साली बंदी आली, पण सवय राहिली, आता दुसरी कुठली तरी टाकतात. भुकटी कॉन्टॅक्टवर बसते, ओल धरते, आणि मुंगी मेली तरी दुखणे तेच राहते. उलट ज्या हाताने पेटी उघडायची त्याच हाताला विष लागते. कोणी रॉकेल शिंपडतात, कोणी फवारणीचे औषध मारतात. भावांनो, कॉन्टॅक्ट सुटताना तिथे ठिणगी पडते. ठिणगीजवळ रॉकेल टाकायचे का? डांबर गोळ्यांचेही तसेच. गोळी ठेवली तर पाल-झुरळ काही दिवस लांब राहते असे पुष्कळांचे म्हणणे आहे, आम्ही ते खोटे म्हणत नाही. पण गोळीही पेट घेते. ठेवायचीच तर पेटीच्या तळाशी कोपऱ्यात, कापडात बांधून, कॉइलपासून लांब. खरे औषध बाहेर आहे. मुंगीचे वारूळ पेटीच्या खांबाच्या बुडाशी असते, तिथे आमिष किंवा औषध द्या. पेटी जमिनीपासून छातीइतकी उंच घ्या. आणि भोके बुजवा. केबलच्या भोकाला ग्लँड बसवा, रिकामी भोके एम-सीलने लिंपा, झाकणाच्या कडेला रबराची पट्टी लावा. कुंभारीण माशी ओली माती आणून आत घरटे बांधते, तीसुद्धा याच भोकांतून येते.

उंदराचे दुखणे वेगळे. त्याला ऊब नको आणि किडाही नको, त्याला दात झिजवायचे असतात. त्याचे पुढचे दात जन्मभर वाढतात, कुरतडले नाही तर तोंड मिटता येणार नाही इतके वाढतील. ज्वारी काढली, रानातले खाणे संपले की तो बांधावर, गंजीत, घरात येतो. आता आपण काय करतो? कडब्याची गंजी नेमकी मोटरच्या खोपटाला टेकून रचतो. पऱ्हाटीची गंजी डीपीच्या बुडाशी रचतो, कारण ती जागा कोणी वाहत नाही. उंदराला घर दिले, आणि डीपीवरून ठिणगी पडली तर सरपणही तयार. गंजी लांब न्या. केबल जमिनीवर उघडी सोडू नका, लोखंडी पाइपातून न्या, प्लास्टिकचा पाइप तो चार दिवसांत पार करतो. बिळे असतील तर संध्याकाळी सगळी मातीने बुजवा, सकाळी जी उकरलेली दिसतील तेवढीच जिती. झिंक फॉस्फाइड द्यायचे तर आधी दोन-तीन दिवस नुसता तेल लावलेला भरडा द्या, मग शंभरात ९६ भाग भरडा, २ भाग तेल, २ भाग औषध असे आमिष बिळाच्या आत टाकून बीळ लिंपा. या विषावर उतारा नाही, तेव्हा लेकरे, कोंबड्या, कुत्री सांभाळा. आणि घुबड दिसले की दगड मारायची सवय सोडा. तो आपल्या बाजूचा आहे.

मायबहिणींनी एक गोष्ट जास्त लक्ष देऊन ऐकावी. भाव येईल म्हणून आपण कापूस घरात भरून ठेवतो. मधल्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस, त्याच भिंतीवर बोर्ड, आणि वायर कापसाच्या मागून गेलेली. उंदराला कापसाइतके मऊ घर दुसरे कोणते? तो कापसात पिल्ले घालतो आणि मागची वायर सोलतो. त्या सोललेल्या वायरची एक ठिणगी वर्षाची कमाई आणि झोपलेले घर दोन्ही घेऊन जाईल. कापूस भरण्याआधी त्या खोलीची लाईन मेनपासून तोडून टाका. बॅटरीच्या उजेडात काम भागते.

आता डीपी. साप पाखरांच्या अंड्यांसाठी खांबावर चढतो. खार वेलावरून चढते. अकरा हजारांची तार आणि टाकीचे लोखंड यांच्यामध्ये चिनी मातीच्या बुशिंगचे वीतभर अंतर असते, खार आडवी झाली की ते अंतर मिटते. हे जगभर चालते. ७ जून २०१६ ला केनियाच्या गितारू वीज केंद्रात माकड रोहित्रावर पडले आणि सगळ्या देशाची वीज गेली. माकड वाचले. ९ फेब्रुवारी २०२५ ला श्रीलंकेत तसेच झाले, माकड उपकेंद्रातल्या यंत्राला भिडले असे त्यांच्या वीजमंत्र्यांनी सांगितले. २०१३ च्या मार्चमध्ये जपानमध्ये फुकुशिमाच्या बिघडलेल्या अणुकेंद्रात एका उंदराने तात्पुरत्या स्विचबोर्डात शॉर्ट केले आणि जळालेले इंधन थंड ठेवणारी यंत्रणा दिवसभराहून जास्त बंद राहिली. इतक्या मोठ्या ठिकाणी हे होते तर आपल्या डीपीला टोपी नाही, दार नाही, वेल वरपर्यंत गेलेला, हे चालवून का घ्यावे? बुशिंगवर टोप्या बसवणे, वेल तोडणे, पेटीचे दार लावणे हे ज्याची डीपी त्याचे काम आहे. आपण स्वतः वेल ओढायला जायचे नाही. हिरवा वेलही वीज वाहतो.

पण खरे बोलायचे तर आपल्याकडेही बोट दाखवावे लागेल. डीपीच्या ग्रीपमध्ये किती अँपिअरची तार पाहिजे, आणि आपण काय टाकतो? फ्यूज सारखा जातो म्हणून जाड अॅल्युमिनियमची तार दुहेरी पिळून टाकतो. मग पाल शॉर्ट झाली तर फ्यूज जात नाही, रोहित्र जाते. चार आण्याची तार वितळायची ती वितळली नाही, म्हणून वीस-पंचवीस जणांचे पाणी बंद. स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले एक फेज गेली की मोटर बंद करण्यासाठीच असतो. हात वर करा, कोणाकोणाचा रिले डायरेक्ट केलेला आहे? ... बरेच हात दिसतात, आणि न केलेलेही लाजून बसले आहेत. आमचाही केलेला होता. का केला तेही सांगतो. लाईन आठ तास, त्यात तिसरी फेज कधी येते कधी जाते, मग कॅपॅसिटर टाकून दोन फेजवर मोटर चालवायची, आणि तसे चालवायचे तर रिले आड येतो. म्हणून तो काढून टाकला. रात्री दोनला लाईन येणार, थंडीत कोण उठेल, म्हणून ऑटो स्विच बसवला. म्हणजे लाईन आली की मोटर आपोआप सुरू. त्या वेळी पेटीत पाल आहे का बघायला तिथे कोणी नाही, रिले नाही, फ्यूज जाड. आपण घरी झोपलेले आणि तिकडे मोटर उभी जळते. दोष पालीचा म्हणायचा तर म्हणा. आम्ही म्हणतो, दिवसा तिन्ही फेज पुऱ्या दाबाने द्या, मग ऑटो स्विच आणि कॅपॅसिटर कोणी फुकटात नेणार नाही.

जळालेली मोटर परत भरता येते. दोन वर्षांपूर्वी आम्ही एका घरी बसायला गेलो होतो. तरणा मुलगा, रात्री पेटी घूं करते म्हणून उघडली, पाल दिसली, ओल्या पायाने उभा राहून हाताने काढायला गेला. आई आम्हाला म्हणाली, "पाल काढायला गेला हो, एवढंच." आम्हाला उत्तर सुचले नाही. म्हणून हे नीट ऐका. पेटी घूं करायला लागली तर आधी मेन स्विच पाडायचा. तेवढ्यावर भरवसा नाही, ग्रीपा उपसून खिशात घालायच्या. ऑटो स्विच बंद करायचा. मग टेस्टर तिन्ही ठिकाणी लावून बघायचा, आणि तो टेस्टर चालतो की नाही ते लाईन असताना आधी कुठे तरी बघून घेतलेले असावे. कोरडी फळी, कोरडी चप्पल, कोरडे हात. एकट्याने नाही. रात्री तर नाहीच. रात्री मेन पाडून घरी या, सकाळी बघा. एका रात्रीच्या पाण्याने ज्वारी मरत नाही. साप असेल तर मेलेला दिसला तरी हात घालू नका. आणि पेटीला अर्थिंग करा. खड्डा, कोळसा, मीठ, पाइप हे तुम्हाला माहीत आहे, पण उन्हाळ्यात त्यात पाणी टाकायचे राहते.

इतके करूनही डीपी गेली तर तोंडी सांगू नका. लाईनमनला फोन केला म्हणजे तक्रार झाली असे नाही. लेखी द्या, पोच घ्या, तारीख-वेळ लिहून घ्या. विद्युत कायदा २००३ च्या कलम ५७ प्रमाणे नियामक आयोग सेवेची मानके ठरवतो आणि ती पाळली नाहीत तर ग्राहकाला भरपाई द्यावी लागते. आपल्या राज्यात आयोगाच्या विनियमांत ग्रामीण भागातले जळालेले रोहित्र ४८ तासांत बदलण्याची मुदत आहे. हे तास तक्रारीपासून मोजतात, म्हणून पोच महत्त्वाची. एका ऑफिसात आम्हाला ऐकवले गेले, "आधी डीपीवरच्या सगळ्यांची थकबाकी भरा, मग बघू." आम्ही म्हटले, हेच कागदावर लिहून द्या. कागद मिळाला नाही, डीपी तिसऱ्या दिवशी आली. माणूस किंवा जनावर दगावले तर कलम १६१ खाली अपघाताची खबर आणि चौकशी होते. पोलीस पंचनामा, शवविच्छेदन चुकवू नका. विजेचा धक्का आणि सर्पदंश दोन्ही गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत येतात, मृत्यूला २ लाख रुपये. दुःखात कागद सुचत नाहीत, म्हणून हे काम शेजाऱ्याने करायचे असते.

सौर पंपवाल्यांनी हसायचे कारण नाही. उंदराला वायर कुठून आली त्याच्याशी देणेघेणे नाही, आणि पॅनेलच्या खालची सावली त्याला फार आवडते. कंट्रोलरच्या पेटीत पाल तशीच जाते. आणखी एक फरक आहे. ऊन आहे तोवर पॅनेलच्या तारांत वीज आहे, ती कोणी वरून बंद करू शकत नाही, आणि एका दिशेने वाहणाऱ्या विजेची ठिणगी लवकर तुटत नाही. तेव्हा कुरतडलेली तार भर दुपारी हाताने जोडायला जाऊ नका. पाच वर्षांची देखभाल पुरवठादाराकडे असते, पण उंदराने खाल्लेल्या तारेचे काय, ते तुमच्या करारात वाचून घ्या आणि नसेल तर विचारून लेखी घ्या.

आता जेवणानंतर ओसरीवर आपल्यातलेच दोन वायरमन भाऊ बसणार आहेत. ज्यांनी आपापले स्टार्टर गाडीत घालून आणले असतील त्यांनी ते घेऊन यावे. रिले परत जोडून देतील, ग्लँड आणि रबराच्या पट्ट्या तालुक्याच्या भावानेच आणून ठेवल्या आहेत. आमच्या पिशवीत मापाच्या फ्यूज तारेचे एक बंडल आहे. ज्यांचे हात मघाशी वर गेले होते त्यांनी आधी यावे.